आठ मायक्रॉनची चूक

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

वहीची पानं आधी मोजून घेतली. शहाण्णव भरली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घातला, दाभणानं भोकं पाडली, दोरा ओवला आणि मागे गाठ मारली. गाठीवर लावायची लाख तेवढी घरात नव्हती. माझी बायको कापा ओट्याशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "घरच्या वहीलासुद्धा? कोण चोरणार आहे तुझी पानं?"

चोरणार कोणी नाही. पण एकोणतीस वर्षं कारखान्यात ज्या वहीत लिहिलं ती अशीच शिवलेली असायची आणि रोज संध्याकाळी पहिल्या विभागाच्या खिडकीत परत द्यावी लागायची. बिनआकड्याच्या पानावर माझा हातच चालत नाही.

वही धरायला कुदेलिननं सांगितलं. तो पहिल्या विभागाचा माणूस. कोण कोणाला भेटलं, कोण काय बोललं, यावर लक्ष ठेवणं हीच त्याची नोकरी. मला बोलावून म्हणाला, "प्रोखोर येमेल्यानोविच, परदेशी पाहुणे तुमच्या खात्यात येताहेत. डोळे उघडे ठेवा. दिसेल ते लिहून ठेवा. आणि आपले हात काय काय करू शकतात ते उगाच कोणाला दाखवत बसू नका."

म्हणून लिहितोय.

आमच्या सात नंबर खात्याला तीन वर्षं काम नाही. आम्ही जे बनवायचो ते आता कोणाला नको आहे. काय बनवायचो ते इथेही लिहिणार नाही, एकोणसत्तर साली गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. बाहेर सांगायला एक ठरलेलं वाक्य दिलं होतं, की आम्ही स्वयंपाकघरातले नळ बनवतो. कापाला लग्नानंतर सव्वीस वर्षं मी तेच सांगत आलो. एकदा आमच्याच घरचा नळ गळायला लागला आणि मला तो दुरुस्त करता येईना, तेव्हा ती पोट धरधरून हसली. समजायचं ते समजली असणार, पण पुन्हा कधी विचारलं नाही.

आता अमेरिकेनं आणि आपल्या मंत्रालयानं मिळून ठरवलंय की आमच्यासारख्यांना दुसरं काहीतरी काम लावून द्यायचं. नाहीतर आम्ही पोटासाठी भलत्याच देशात जाऊन भलतंच बनवून देऊ, अशी त्यांना धास्ती आहे. काम कसलं, तर माणसाचा खुबा झिजला की आत बसवतात तो धातूचा गोळा. सव्वा इंचाहूनही लहान. आधी बारा नमुने द्यायचे. ते पास झाले तर जानेवारीपासून चाळीस माणसांना काम. नापास झाले तर खात्याला कुलूप आणि यंत्रं भंगारात.

ज्यांनी जन्मभर आपल्यावर नेम धरला त्यांना आता आपल्या ताटाची काळजी पडली आहे. मला हे पटत नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आले. तिघे आहेत. दोन तरुण, सुटातले, आणि एक म्हातारा, हार्लन टीग. चौकड्यांचा शर्ट, मोठे कान, साठीच्या पुढचा. दुभाषी आपली तैसिया आहे. ही लहानपणी कापा स्वयंपाक करते त्या बालवाडीत जेवायची, अजून मला काका म्हणते.

सुटातल्यांनी शंभर प्रश्न विचारले. जागा किती, वीज किती, गरम पाणी येतं का. टीगनं एकही विचारला नाही. माझ्या लेथपाशी गेला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या लोखंडी बेडवर हात ठेवला आणि वाकून खालचा पाया बघितला. मग माझे हात बघितले. चांगला मिनिटभर.

जो विचारतो त्याला उत्तर देता येतं. जो विचारत नाही त्याचं काय करायचं? कुदेलिनसाठी वेगळ्या कागदावर नोंद केली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना कापाला टीगबद्दल सांगत होतो. ती खिमा भरायच्या पेल्मेनीची कणीक मळत होती, मध्येच स्टुलावर टेकली. उजवा पाय पुन्हा धरला असणार. गेल्या हिवाळ्यापासून ती तो पाय ओढते. म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाली, "दाखवलाय. थंडीचं आहे. तू सांग, तो म्हातारा काय म्हणाला?"

"काही म्हणत नाही, तीच तर गोची आहे. आणि हे बघ, अमेरिकेचा पैसा, अमेरिकेचा आराखडा, असलं लोखंड अंगात घालून घेणारा माणूस कसला? उद्या त्यात काय बसवून देतील याचा भरवसा आहे का?"

कापानं कणीक जरा जास्तच बडवली.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आज हसण्यासारखं झालं, पण मला हसू आलं नाही. सुटातल्यांनी चाळीस जणांना अर्ज भरायला दिले. त्यात एक रकाना होता, आधी कोणतं काम केलंत. मी लिहिलं, नळ बनवले. अर्ज गोळा झाले तर चाळीसच्या चाळीस अर्जांत नळ! कोणी कोणाचं बघून लिहिलेलं नव्हतं. धाकटा सूट लालबुंद झाला. तैसियानं भाषांतर केलं, "ते म्हणताहेत, आम्ही अर्ध्या जगातून आलोय ते नळवाल्यांच्या गावात का?"

टीग एकटा हसला. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसला. त्याला काय कळलं? हेही कुदेलिनला कळवलं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

आजचं लिहू की नको, दोनदा विचार केला.

रिनात शैखुत्दिनोव आमच्या मोजणीच्या खोलीत आहे. चोवीस वर्षं मी कातलेला प्रत्येक तुकडा त्याच्या खिडकीतून आत गेला आणि आतून चिठ्ठी बाहेर आली. चिठ्ठीवर फक्त आकडा. वाफेच्या न्हाणीघरात आम्ही एकमेकांच्या पाठी घासल्या आहेत, त्याच्या आईला मी खांदा दिला आहे. माझा मित्र कोण असं कोणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन.

दुपारी बालवाडीवरून येत होतो. फाटकाशी रिनात उभा. आतून कापा आली. त्यानं कोटातून एक मोठं तपकिरी पाकीट काढून तिला दिलं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पाकीट कोटाच्या आत सरकवलं. मी झाडामागे थांबलो. आपल्याच बायकोवर नजर ठेवायला मी झाडामागे उभा राहिलो, हे लिहायलाही लाज वाटते.

घरी आल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "आज रिनात भेटला होता का गं?"

"छे. कुठे भेटतोय? पंधरा दिवसांत दिसला नाही."

सव्वीस वर्षांत तिचं खोटं मी पहिल्यांदा पकडलं. तसली शंका मला नाही, दोघंही त्या वयातले नाहीत. शंका निराळीच आहे. पाकीट कारखान्यातल्या आराखड्यांच्या आकाराचं होतं. रिनात गेले दहा दिवस त्या टीगच्या मागे-पुढे असतो. आणि बालवाडीतल्या स्वयंपाकिणीची झडती आमच्या बंदिस्त गावाच्या नाक्यावर कोणी घेत नाही.

कुदेलिनला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

आज बारा गोळे कातले.

मर्यादा पाच मायक्रॉन. एका केसाच्या जाडीत असले सत्तर मायक्रॉन बसतात. म्हणजे गोळा कुठेही केसाच्या चौदाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाकडा नको. आम्ही किती करू शकतो तो आकडा लिहिणार नाही. तोच तर सगळ्यात मोठा गुपित आकडा आहे. आमचा माल गोल होता, आणि किती गोल होता हे बाहेरच्याला कळलं तर बाकीचं त्याला हिशेबानं काढता येतं.

काल दिवसभर विचार केला. बाराच्या बारा आमच्या हातासारखे उतरले तर टीग घरी जाऊन सांगेल. त्यासाठीच आला असावा. खुबे वगैरे नुसतं निमित्त. कुदेलिननं सांगितलं होतंच, हात दाखवू नका. म्हणून ठरवलं, सात चांगले करायचे, पाच बिघडवायचे. साध्यासुध्या कारखान्यात असंच होतं, कोणाला शंका यायची नाही. पाच गोळ्यांच्या वेळी चकचे, म्हणजे तुकडा पकडून ठेवणाऱ्या पकडीचे, जबडे जरा जास्त आवळले. आवळलेला असताना गोळा गोल दिसतो, सोडला की अंग सोडतो आणि वाकडा होतो. आठ मायक्रॉननं सोडलं. काम चोख झालं.

रिनातच्या खिडकीतून बारा चिठ्ठ्या आल्या. शेवटची देताना त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. पाकिटाचं मनात खात असेल.

३ नोव्हेंबर, मंगळवार

टीगनं आज स्वतःच्या यंत्रावर गोळे मोजले. मी बाजूला उभा होतो.

त्यानं गोळा तीन बोटांच्या टोकांनी उचलला. तळव्याला लागू दिला नाही. मऊ कापडावर ठेवला आणि हात मागे बांधून वाट बघत उभा राहिला. बोटांची ऊब गोळ्यातून जाईपर्यंत मोजायचं नाही, म्हणून. खुब्याच्या कारखान्यात इतकं कोणी करत नाही. असं आम्ही करतो. माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि चुकलो तेव्हा पट्टीनं बोटांवर मारलं होतं.

हा माणूस आमच्यातला आहे. म्हणजे त्यांच्याकडच्या आमच्यातला.

धावत कुदेलिनकडे गेलो. त्यानं चहाचा घोट घेतला. "ठाऊक आहे. बावीस वर्षं त्यांच्या तसल्याच कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. म्हणूनच त्याला पाठवलंय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

६ नोव्हेंबर, शुक्रवार

नापास.

सगळ्यांसमोर सांगितलं. धाकट्या सुटानं कागद वाचला, तैसियानं मान खाली घालून भाषांतर केलं. बारातला एक जरी मर्यादेबाहेर गेला तरी अख्खा संच बाद. कारण हा गोळा माणसाच्या अंगात जायचा असतो, वाईट निघाला तर तो परत करता येत नाही. इथे पाच वाईट निघाले. मंडळी मंगळवारच्या गाडीनं परत निघणार.

हे मला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे बिघडलेला तुकडा गुपचूप वितळवायला जायचा, दुसरा कातायचा, त्याची कुठे वाच्यता नसायची. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. सात नंबरमधला सगळ्यात जुना हात माझा, मी काय तोंड दाखवणार होतो?

कुदेलिननं मला जिन्यात गाठलं. "काय केलंत हे तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात, हात दाखवू नका."

"फुशारकी मारू नका म्हणालो होतो! भंगार करा असं कोण म्हणालं? माझी मुलगी आहे हो त्या चाळीसांत!"

मी जिन्यातच बसलो. कठडा धरून.

७ नोव्हेंबर, शनिवार

क्रांतिदिनाची सुट्टी. बाहेर थोडी माणसं लाल झेंडे घेऊन फिरत होती, बाकी बर्फ.

कापानं सणाची म्हणून कोबीची पाई केली आणि करपवली. असं तिच्या हातून कधी होत नाही. कालपासून सांगायचं टाळत होतो, पाई पुढे आल्यावर सांगितलं, नमुने नापास झाले.

"सगळे?" तिनं विचारलं.

"संच बाद म्हणजे सगळेच."

ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, तुला काय झालं? तुझी बालवाडी कुठे बंद होतेय?" म्हणाली, कांदा डोळ्यात गेला. घरातला कांदा गुरुवारीच संपला आहे.

माझ्या नोकरीसाठी इतकी रडणारी बाई नाही ही. पंच्याण्णव साली काम थांबलं तेव्हा एक थेंब काढला नव्हता, उलट मला बटाटे लावायला शेतावर पिटाळलं होतं. मग आता काय? त्या पाकिटाचा सौदा फिसकटला म्हणून?

८ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी कापा शेजारी गेली तेव्हा मी घर धुंडाळलं. पिठाच्या डब्यामागे पाकीट सापडलं. खिडकीशी नेऊन उघडलं. आत काळी फिल्म होती. उजेडावर धरली. अंधारात एक पांढरा गोळा, त्याच्याभोवती वाटी. पहिला विचार आला की हा आमच्या मालाचा फोटो आहे. खरंच आला, खोटं कशाला लिहू.

मग नीट बघितलं. गोळा गोल नव्हता. एका बाजूनं खाल्लेला, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. एकोणतीस वर्षं मी गोल वस्तू बघत आलोय, पण इतका वाकडा गोळा बघितला नव्हता. तिथे मायक्रॉन चालत नव्हते, साध्या पट्टीनं मोजता आला असता. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, झिर्यानोवा कापितोलिना, जन्म १९४७. कापाच्या खुब्याचा एक्स-रे.

सोबत रिनातच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "कापा, तुझी फिल्म प्रांताच्या रुग्णालयातून परत आणली आहे. खुबे बदलायच्या पहिल्या वीस जणांची यादी त्यांनी केली. तुझा नंबर अकरावा. गोळे आपल्याच खात्यातले लागतील, पास झालेले नमुनेही त्यातच. नमुने पास झाले की मग सांग त्याला. आधी सांगितलंस तर परदेशी लोखंड म्हणून आडवा येईल."

ह्याच हातानं मी जबडे आवळले.

डोक्यावर टोपीही न घालता रिनातकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. चिठ्ठी माझ्या हातात बघितली आणि बाजूला झाला.

"मला का सांगितलं नाहीस?" मी म्हटलं.

"काय सांगू? तू ऐकणारा आहेस? तुझ्या बायकोला साधा पायमोजा परदेशी आणला तर तू तो आधी उलटा करून बघशील."

"अरे, पण मी गोळे मुद्दाम बिघडवले!"

"मला सांगतोस?" त्यानं खिशातून पाच चिठ्ठ्यांच्या नकला काढून टेबलावर मांडल्या. "आठ. आठ. आठ. आठ. आठ. लेका प्रोखोर, वाईट काम करतानासुद्धा तुझा नेम सुटत नाही! बिघडवायचंच होतं तर थोडं माणसासारखं तरी बिघडवायचंस."

"तेव्हाच का नाही बोललास?"

त्यानं त्या नकला पुन्हा एकावर एक रचल्या. मग म्हणाला, "चोवीस वर्षं आकडा लिहितोय. मत लिहायची सवयच नाही रे. वाटलं, तुला वरून काहीतरी हुकूम असेल." आणि त्यानं डोळे पुसले. मीही पुसले. दोन म्हातारे एकमेकांना शिव्या घालत बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो तसाच थंड झाला.

कापाला पाकीट सापडल्याचं बोललो नाही. जागच्या जागी ठेवलं. ती संध्याकाळी सूप वाढायला उठली तेव्हा म्हटलं, बस, मी वाढतो. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं.

९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तैसियाला घेऊन पाहुण्यांच्या इमारतीत गेलो. दाराशी कुदेलिनचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, तिथे सगळं विसरलो.

टीगच्या टेबलावर आधीच कागद होता. पाच आकडे, पाचही आठ, प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल. तो बोलला, तैसियानं सांगितलं. "काका, ते म्हणताहेत, वाईट टर्नरचे आकडे सहा येतात, अकरा येतात, नऊ, पंधरा असे येतात. पाच वेळा आठ आणणारा माणूस त्यांनी जन्मात एकच बघितला होता. तो त्यांचा उस्ताद."

मी तो कागद उलटा करून ठेवला.

"ते विचारताहेत, असं का केलंत?"

काय सांगणार होतो? सहीचं सांगायचं नाही, आकड्याचं सांगायचं नाही, कुदेलिनचं तर नाहीच. मी म्हटलं, "त्यांना सांग, माझ्या बायकोचा खुबा गेलाय." यात उत्तर कुठे होतं कोण जाणे, पण दुसरं काही सुचलं नाही.

टीग उठून खिडकीशी गेला. मग तैसियाशी दोन वाक्यं बोलला. ती हसली आणि डोळेही तिचे भरले. "ते म्हणताहेत, त्यांच्या गावात, रंगाचे डबे बनवतो, असं बाहेर सांगायचे. बावीस वर्षं त्यांनी रंगाचे डबे बनवले."

म्हणजे त्या दिवशी अर्जांवर हसला तो यासाठी.

परतीची गाडी त्यानं बुधवारवर ढकलली आहे. उद्या पुन्हा बारा. दुसऱ्यांदा नमुने घ्यायला सूट तयार नव्हते, यानं त्यांच्याशी भांडून परवानगी काढली. म्हणाला, माझ्या शेजारी उभा राहणार.

हे सगळं चांगुलपणानं, की माझा खरा हात बघायला मिळावा म्हणून? आता मात्र दोन्ही असलं तरी मला चालेल.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठला यंत्र सुरू केलं. रिनात त्याच्या खिडकीत, टीग माझ्या उजव्या हाताशी, पलीकडे काचेच्या दाराबाहेर दोन सूट घड्याळं बघत.

पहिला गोळा लावताना ठरवलं होतं की चारवर थांबायचं. मर्यादा पाचची आहे, चार म्हणजे पास. हातही दिसणार नाही, कामही होईल, सहीही मोडणार नाही. पातं लावलं, आणि मग एक विचार आला, तो डोक्यातून जाईना. या बारातला कापाच्या वाट्याला कोणता जाईल? पहिला? सातवा? मला कळायचा काही मार्ग नव्हता. कुठला चारवर सोडून देऊ?

एकही सोडता येईना. एकोणसत्तर सालची सही डोळ्यांसमोर आली, सही घेणारा तो अधिकारीही आठवला, आणि कापा जिना उतरताना भिंतीला हात लावते तेही आठवलं. मग आम्ही जसं करायचो तसंच केलं. शेवटचा हात देताना श्वास रोखला. टीगनंही रोखला होता, मला शेजारून ऐकू आलं. बाराच्या बारा तसे उतरले. चार तास लागले. शर्ट पिळून निघाला.

रिनातनं चिठ्ठ्या उलट्या करून सरकवल्या. त्याच्या मिशीखाली हसू होतं.

मग टीगनं त्याच्या यंत्रावर मोजले. पहिला ठेवला, थांबला, मोजला. पडद्यावर आकडा आला. मी वाचला, त्यानं वाचला. जो आकडा मी एकोणतीस वर्षं बायकोलाही सांगितला नाही तो तिथे हिरव्या अक्षरांत समोर होता. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, संपलं. उद्या हा जगाला सांगणार.

त्यानं पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं, चार.

पडद्यावर चार नव्हता. चारच्या जवळपासही नव्हता.

दुसऱ्याला लिहिलं तीन. मग पुन्हा चार, मग पाच, मग तीन. एकदा थांबून विचार केला आणि साडेचार लिहिलं. आठ-आठ-आठसारखी माझी चूक त्यानं केली नाही, आकडे छान विस्कटून लिहिले, साध्यासुध्या चांगल्या कारखान्याचे असावेत तसे. प्रत्येक वेळी लिहून झालं की पडदा पुसून टाकत होता. बारावा झाला, यंत्राचं बटण बंद केलं, खाली सही केली आणि मगच काचेचं दार उघडलं.

"पास," तैसिया ओरडली. बाहेर कोणीतरी टोपी उडवली.

टीगनं माझा हात हातात घेतला. तळवा नाही, बोटांची टोकं धरली, गोळा धरतात तशी.

खोट्या आकड्यांवर सही केली त्यानं. बारा वेळा खोटं लिहिलं. आपल्या लोकांना फसवलं की मला वाचवलं? का लिहिलं असं? दिवसभर दुसरा विचार नाही.

घरी गेलो. पिठाचा डबा बाजूला केला, पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कापा पांढरीफटक झाली. म्हटलं, "पास झाले. अकरावा नंबर ना?" ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, सगळा भार डाव्या पायावर टाकून.

११ नोव्हेंबर, बुधवार

पाहुणे गेले. कुदेलिननं बोलावून वही मागितली.

कालचं पान त्याला दाखवणं शक्य नव्हतं आणि पान फाडणंही शक्य नव्हतं, कारण आकडे मीच घातले होते आणि दोराही मीच ओवला होता. माझंच शहाणपण माझ्या गळ्यात आलं. म्हटलं, "लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. वही कोरी आहे." पहिल्या विभागाशी मी बोललेलं हे पहिलं खोटं.

त्यानं कपाट उघडून दाखवलं. मी वेगळे लिहून दिलेले सगळे कागद तिथे होते, घडीसुद्धा न उलगडलेले. "आता वर कोणी मागत नाही हो," तो म्हणाला. "मुलीला लेथ शिकवाल ना?"

शिकवतो म्हटलं.

१४ जून १९९९, सोमवार

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण कामावर गोळे, घरी रुग्णालयाच्या खेपा, वेळ झाला नाही. शस्त्रक्रिया एप्रिलात झाली.

आज कापा पहिल्यांदा काठीशिवाय बसथांब्यावर मला आणायला आली. घरापर्यंत चारशे पावलं आहेत. मी मुद्दाम दोन हात मागे राहून ऐकत आलो. उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित उशिरा पडतं. सर्जनचं काम मला पुरतं पटलेलं नाही, गोळ्याची दांडी हाडात बसवताना त्यानं घाई केली असणार. गोळ्यात दोष नाही.

"मागून काय येतोस चोरासारखा?" ती म्हणाली.

टीगचं पत्र आलंय. तैसियानं वाचून दाखवलं. हवा, नातवंडं, गुडघेदुखी. त्या आकड्यांबद्दल अक्षर नाही. पाकीट आधी कोणीतरी उघडून चिकटवल्यासारखं दिसत होतं, निदान मला तरी दिसलं. मीही उत्तरात हवा आणि बटाटेच लिहिणार आहे.

चहाच्या वेळी कापानं चेरीचा मुरंबा पुढे सरकवला आणि नेहमीसारखं, उत्तराची वाट न बघता विचारलं, "आज काय केलंस कामावर?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाला मी नळ म्हणत आलो. आज म्हटलं, "गोळे. सव्वीस केले. एक मला आवडला नाही, तो परत घेतला." आणि मग थांबलोच नाही. चक कसा आवळायचा, पातं कसं लावायचं, शेवटच्या हाताला श्वास का रोखायचा, टेबलावरचा बटाटा हातात धरून सगळं दाखवलं. बोटं कुठे ठेवायची तेही दाखवलं.

तिनं चहा ओतायचा थांबवला होता. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाली, "आणि नळ?"

"नळ मला येत नाही गं," मी म्हटलं. "कधीच येत नव्हता."